लेसरची तारीख ठरली होती: उद्यमबागेतल्या एका कामगाराच्या डोळ्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

सागर २३ वर्षांचा. नाव बदलले आहे, ओळख पटेल असे बारीक तपशीलही बदलले आहेत. गाव खानापूर तालुक्यातले, दहावीपर्यंत गावची मराठी शाळा, मग बेळगावात आयटीआय. पुढे बेळगावच्याच उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. सुरुवातीला मोल्डिंगला होता. आमच्याकडे आला तेव्हा फेटलिंगला होता, म्हणजे ओतून आलेल्या भागांच्या कडा ग्राइंडरने साफ करण्याच्या कामावर. मी शहरातल्या एका छोट्या नेत्र दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणे, बुबुळाची मोजमापे घेणे आणि डॉक्टरांचे म्हणणे रुग्णाला पुरते कळेपर्यंत त्याच्याशी बोलणे हे माझे काम.

चष्मा नको असण्यामागे त्याचे कारण अगदी रोजच्या कामातले होते. "म्याडम, घाम आला की चष्मा सारखा खाली घसरूलाय बघा. वरून गॉगल घातला की वाफ धरतीय. मग गॉगलच काढून ठेवतो." मला काळजी वाटली ती या शेवटच्या वाक्याची. ग्राइंडरसमोर गॉगल नसला की लोखंडाचा गरम कण बुबुळात रुतायला वेळ लागत नाही, आणि त्याच्या डोळ्यातून असा कण पूर्वी काढावाही लागला होता. चष्मा सुटला तर नुसता गॉगल घालून काम करता येईल, हा त्याचा हिशेब बरोबर होता.

चष्म्याचा नंबर उतरवणारे लेसर करायचे त्याने आधीच ठरवून टाकले होते. दुसऱ्या शहरातल्या एका केंद्राच्या शिबिरात मशीनवर नंबर बघून त्याला 'होऊन जाईल' असे सांगितले होते. तारीख मिळाली होती, त्या महिन्यापुरती सवलत होती, दिवाळीचा बोनस त्यासाठी बाजूला ठेवला होता. आमच्याकडे तो फक्त एका कागदासाठी आला: नंबर वर्षभर स्थिर आहे, असा दाखला.

अडचण कुठे दिसली

तो दाखला देता आला नाही. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ४.२५, सिलिंड्रिकल (बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याचा नंबर) उणे ०.७५, आणि त्या नंबराने ६/६ स्वच्छ दिसत होते. डाव्याचा उणे ५, सिलिंड्रिकल उणे २.२५. पण कोणतेही भिंग लावले तरी डावा डोळा ६/९ च्या पुढे जाईना. तेवीस वर्षांच्या निरोगी डोळ्यात चष्म्याने शेवटची ओळ वाचता येत नसेल तर त्याला काही कारण असते. रेटिनोस्कोपीत, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून तो परतताना कसा हलतो ते पाहण्याच्या तपासणीत, डाव्या डोळ्यातली लाल सावली एकसंध सरकत नव्हती, मधोमध दुभंगून हलत होती. आणि हे सगळे चालू असताना सागर मधेमधे मनगटाच्या हाडाने डोळे चोळत होता. लहानपणापासून उन्हाळ्यात डोळे खाजतात, आता वाळूच्या धुळीने बारमाही खाजतात, असे त्याने सहज सांगितले.

मी त्याला घरी असतील तेवढे जुने चष्मे घेऊन यायला सांगितले. पुढच्या खेपेला तो वडिलांबरोबर आला. आईने कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात सगळे जपून ठेवले होते. एकाची काडी मोडलेली, एकाची काच चरे पडलेली, पण लेन्सोमीटरवर नंबर वाचायला काही अडचण आली नाही. डाव्या काचेचा सिलिंड्रिकल नंबर दहावीतल्या चष्म्यात ०.५० होता, तीन वर्षांपूर्वीच्या चष्म्यात ०.७५, गेल्या वर्षीच्यात १.५०, आणि आता २.२५. तीन वर्षांत दीड नंबर, तोही एकाच डोळ्यात. या प्रकरणातला सर्वात मोलाचा पुरावा त्या डब्यातून आला, असे मी आजही म्हणेन.

त्यानंतर टोपोग्राफी केली. काळ्यापांढऱ्या वर्तुळांची चकती डोळ्यासमोर धरून बुबुळावर तिचे प्रतिबिंब पाहायचे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालच्या प्लासिडो यांची. आज संगणक त्याच वर्तुळांवरून बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा, कॉर्नियाचा, रंगीत नकाशा काढतो. सागरच्या डाव्या कॉर्नियाचा खालचा भाग वरच्यापेक्षा ३.३ डायॉप्टरने (चष्म्याचा नंबर मोजायचे हेच एकक) जास्त उंचवट्याचा निघाला. हा फरक साधारण १.४ च्या वर गेला की संशय घ्यायचा असतो.

पण ही चकती फक्त पुढचा पृष्ठभाग बघते. मागचा पृष्ठभाग आणि जागोजागची जाडी बघायला शाइम्फ्लूग कॅमेरा लागतो. हवाई छायाचित्रांतला तिरपेपणा काढण्यासाठी ऑस्ट्रियन सैन्यातले अधिकारी थिओडोर शाइम्फ्लूग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे तत्त्व मांडले, तेच वापरून हा कॅमेरा कॉर्नियासमोर फिरत फोटो घेतो. आमच्याकडे तो नाही. त्याला मिरजेला पाठवावे लागले, म्हणजे एका दिवसाचा पगार आणि रेल्वेचा प्रवास. त्याला ते पटत नव्हते. 'एकदा नकाशा काढलाय की, परत कशाला?' हा त्याचा प्रश्न रास्त होता. स्कॅनवर डाव्या कॉर्नियाची सर्वात पातळ जागा ४६८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आली, आणि तीही मध्यावर नसून खाली बाहेरच्या बाजूला सरकलेली. मध्यभागी जाडी ४८६ होती. मागचा पृष्ठभाग नेमक्या त्याच पातळ जागेवर मागून फुगलेला होता. निदान स्पष्ट झाले: डाव्या डोळ्यात सुरुवातीचा पण वाढता केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होत शंकूसारखा फुगत जाण्याचा आजार. उजव्यात मागच्या बाजूला किंचित संशयास्पद उंचवटा, बाकी सारे ठीक.

कागदावरचे गणित

इथे थोडे थांबायला हवे, कारण हे प्रकरण कुठे निसटू शकले असते ते इथेच दिसते.

लेसरने एक डायॉप्टर उतरवायला किती मायक्रॉन थर जातो, याचे मन्नरलिन यांचे सोपे सूत्र आहे: उपचाराच्या वर्तुळाच्या व्यासाचा वर्ग भागिले तीन. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळाला दर डायॉप्टरमागे साधारण १४ मायक्रॉन. सागरच्या डाव्या डोळ्याचे सव्वासात डायॉप्टर धरले तर १०२ मायक्रॉन. लॅसिक या प्रकारात लेसरआधी कॉर्नियाचा जो पापुद्रा उचलतात तो ११०. एकूण २१२. सर्वात पातळ जागच्या ४६८ मधून ते वजा केले तर उरतात २५६.

पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन राहिले की चालते, हा वर्षानुवर्षे पाळला गेलेला नियम. त्या नियमाने सागर सहा मायक्रॉनने पास होतो. फक्त मधली जाडी आणि मशीनवरचा नंबर पाहिला असता तर चांगल्या फरकाने पास होतो.

म्हणून जाडीच्या एका आकड्यावर विसंबायचे दिवस गेले. थिओ झायलर हे जर्मन डॉक्टर एक्सायमर लेसरने नंबर उतरवणाऱ्या पहिल्या काही सर्जनांपैकी. १९९८ मध्ये लॅसिकनंतर कॉर्निया फुगत गेल्याची, म्हणजे एक्टेशियाची, प्रकरणे त्यांनीच जगापुढे ठेवली. स्वतः ज्या उपचाराच्या पायाभरणीत होते त्याचा धोका उघडपणे मांडणे ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पुढे वय, नकाशाचा आकार, उरणारा थर, जाडी आणि नंबर मिळून जोखीम मोजण्याच्या पद्धती आल्या. कापलेला आणि काढलेला भाग मूळ जाडीच्या ४० टक्क्यांवर जाऊ नये, हाही निकष आला. सागरचा तो आकडा ४४ येत होता. आणि नकाशा असा असल्यावर आकडा कितीही आला असता तरी उत्तर बदलले नसते.

त्याचे प्रश्न

सागरने 'नाही' सहजी मान्य केले नाही. यूट्यूबवर त्याने भरपूर पाहिले होते आणि त्याचे प्रश्न चांगले होते. आमच्या डॉक्टरांनी प्रत्येकाला वेळ दिला.

पहिला प्रश्न उष्णतेचा. रोज वितळलेले बीड बघणाऱ्या माणसाला लेसर म्हणजे भाजणे वाटणार. एक्सायमर लेसर तसा नाही. त्याचा किरण १९३ नॅनोमीटरचा, अतिनील. तो ऊतींतल्या रेणूंचे बंध तोडतो आणि शेजारच्या भागाला जवळजवळ उष्णता देत नाही. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत २७ नोव्हेंबर १९८१ रोजी आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातल्या टर्कीच्या उरलेल्या तुकड्यावर हा किरण चालवून पाहिला. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. कडा न जळता स्वच्छ खाच पडली. १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांबरोबर त्यांनी तेच कॉर्नियावर दाखवले. मद्रासचा माणूस या शोधाच्या मुळाशी आहे हे ऐकून सागरचे वडील पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

दुसरा प्रश्न: मधेच डोळा हलला तर? आजची यंत्रे बाहुलीचा सतत माग काढतात, किरण तिच्यामागे सरकवतात आणि फार हलली तर थांबतात. सुरुवातीच्या अशा एका यंत्रणेचे मूळ अंतराळयाने एकमेकांना जोडण्यासाठीच्या लेसर रडारमध्ये होते.

तिसरा प्रश्न त्याच्या कामाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा होता. पापुद्र्याला मार लागला तर? कॉर्नियाचा पातळ थर उचलून आकार बदलण्याची कल्पना कोलंबियातील होसे इग्नासिओ बारॅकेर यांची, विसाव्या शतकाच्या मध्याची. त्यांनीच त्यासाठी पात्याचे यंत्र बनवले. १९९० च्या सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावर आयोआनिस पॅलिकारिस यांनी तो पापुद्रा आणि एक्सायमर लेसर एकत्र आणले, तेच लॅसिक. नंतर पात्याची जागा फेम्टोसेकंद लेसरने घेतली. त्याच्या मुळाशी जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये शोधलेली अतिलघु स्पंदने प्रचंड तीव्र करण्याची पद्धत आहे, जिच्यासाठी दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. मूरूंच्या मिशिगनमधल्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून असा किरण गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टर रॉन कर्ट्झ यांना डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची जखम विलक्षण रेखीव दिसली. त्यातून टिबोर युहास यांच्यासोबत डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा फेम्टोसेकंद लेसर घडला. पापुद्र्याची जाडी आता आधी ठरवता येते. तरीही तो पापुद्राच असतो, आणि जोराचा मार लागला तर वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे आहेत.

'मग स्माइल करू,' सागर म्हणाला. स्माइलमध्ये पापुद्रा नसतो. फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आत भिंगाच्या आकाराची चकती कापतो आणि ती काही मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. जर्मनीत वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लुम यांनी ती रूढ केली. मार लागण्याचा धोका असलेल्या कामगाराला ती एरवी खरोखरच चांगली ठरली असती. पण चकती काढली म्हणजे भिंत पातळ झालीच.

डॉक्टरांनी त्याला त्याच्याच कामातून समजावले. वाळूचा साचा एका बाजूला कच्चा ठोकला असेल तर धातूच्या दाबाने तो नेमका तिथेच फुगतो. तुझा डावा कॉर्निया एका जागी कच्चा आहे आणि डोळ्याच्या आतला दाब चोवीस तास मागून लागलेला आहे. कोणतेही लेसर तिथून माती काढणार, भरणार नाही. सागर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आता हे वाढतच जाणार?"

पर्याय

लॅसिक आणि स्माइल बाद झाले. पापुद्र्याशिवाय वरून करायचे पीआरके जास्त थर राखते, म्हणून आधी तोच पर्याय चर्चेत आला. पण वाढत्या केराटोकोनसमध्ये नंबर उतरवण्यासाठी तेही योग्य नव्हते. काही ठिकाणी नकाशानुसार मर्यादित पीआरके आणि क्रॉसलिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार, एकत्र करतात. हेतू चष्मा घालवण्याचा नसतो, आकार थोडा सुधारण्याचा असतो. डॉक्टरांनी तो पर्याय पुढे ढकलला, कारण आधी वाढ थांबणे महत्त्वाचे.

डोळ्यात बसवायच्या भिंगाला, आयसीएलला, कॉर्निया कापावा लागत नाही. खर्च जास्त, आणि मुख्य म्हणजे नंबर अजून पळत असताना ते बसवण्यात अर्थ नव्हता. कडक कॉन्टॅक्ट लेन्सने दृष्टी सर्वात स्वच्छ मिळाली असती. पण फाउंड्रीतल्या वाळूच्या बारीक धुळीत ती लेन्स घालून आठ तास काम करणे म्हणजे रोज बुबुळ खरवडून घेणे. कामाबाहेर वापरायला ठीक, कामावर नाही.

खरी निवड दोन गोष्टींत होती. सहा महिने थांबून पुन्हा स्कॅन करायचा आणि वाढ सिद्ध झाली तर क्रॉसलिंकिंग करायचे, की आत्ताच करायचे? आमच्याकडे स्कॅन एकच होता, एका स्कॅनवर वाढ सिद्ध होत नाही, आणि एरवी मीही थांबा असेच म्हटले असते. पण जुन्या चष्म्यांनी वाढीची रेघ आधीच आखून दिली होती. वय २३, खाज चालू, चोळण्याची सवय अजून सुटलेली नाही. डॉक्टरांनी थांबायचे नाही असे ठरवले, आणि तो निर्णय मला बरोबर वाटतो.

काय केले

आधी खाज, कारण चोळण्याने कॉर्निया आणखी कमकुवत होतो. ॲलर्जीचे थेंब सुरू केले, थंड पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या, आणि डोळे चोळायचे नाहीत हे सागरला एकट्याला न सांगता त्याच्या वडिलांसमोर सांगितले. घरात कुणीतरी टोकणारे हवे असते.

मग डाव्या डोळ्याचे क्रॉसलिंकिंग, मिरजेच्याच केंद्रात. ही पद्धत ड्रेस्डेनमध्ये झायलर, श्पर्ल आणि वोलेनझाक यांच्या गटाने घडवली, २००३ मध्ये तिचे पहिले रुग्णांवरचे निष्कर्ष आले. लॅसिकनंतरच्या एक्टेशियाचे वर्णन करणारे झायलर यात आहेत, हे मी सागरला मुद्दाम सांगितले. कॉर्नियाचा वरचा नाजूक थर काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे जीवनसत्त्व ब-२ चे, थेंब टाकत राहायचे. मग अर्धा तास सुमारे ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॅट. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि भिंत घट्ट होते. वरचा थर काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन राहावे लागतात, नाहीतर आतल्या पेशींना इजा होऊ शकते. सागरचे ४१८ राहिले. आणखी एक-दोन वर्षे गेली असती तर ही नेहमीची पद्धत कदाचित त्याला लागू झाली नसती.

संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. सागर कन्नड बोलतो, पण वाचताना अडखळतो. वडिलांना फक्त मराठी वाचता येते. मी एका पानावर मराठीत चार गोष्टी लिहून दिल्या: याने चष्मा जाणार नाही, वाढ थांबणे हा हेतू आहे, काही दिवस खूप दुखेल आणि काही महिने धूसर दिसू शकेल, आणि क्वचित संसर्ग होऊ शकतो. वडिलांनी ते पान दोनदा वाचले. 'चष्मा जाणार नाही' या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मुलाकडे पाहिले, आणि सागरने मान हलवली. सही त्यानंतर झाली.

कामाचा प्रश्न सोपा नव्हता. भट्टी आणि धुळीपासून तीन आठवडे लांब राहायचे म्हणजे तीन आठवड्यांचा पगार. लेसरसाठी ठेवलेल्या पैशातून क्रॉसलिंकिंगही झाले आणि घरही चालले. दरम्यान त्याच्या नंबराची पॉलिकार्बोनेट काच बसवलेला, बाजूंनी बंद, वाफ जायला भोके असलेला, मागे पट्टा असलेला सुरक्षा गॉगल बनवून घेतला. चष्म्यावर गॉगल, ही मूळ अडचण त्याने बरीच सुटली. खर्च एका चांगल्या चष्म्याइतका.

वर्षभरानंतर

पहिले तीन महिने त्याला उपचाराचा पश्चात्ताप होत होता, कारण डावा डोळा आधीपेक्षा धूसर होता. सहाव्या महिन्यापर्यंत धूसरपणा गेला. वर्षाच्या स्कॅनमध्ये डाव्या कॉर्नियाचा सर्वाधिक उंचवटा ४८.२ वरून ४७.६ डायॉप्टरवर आला होता आणि सिलिंड्रिकल नंबर २.२५ वरच होता. दृष्टी ६/९. उजवा डोळा होता तसाच. फाउंड्रीत त्याने फेटलिंगवरून तपासणी विभागात बदली मागून घेतली, तिथे धूळ कमी. गॉगल रोज घालतो.

चष्मा आहेच, आणि त्याचे त्याला वाईट वाटते हे तो लपवत नाही. त्याच्याबरोबर शिबिराला गेलेल्या मित्राने लेसर करून घेतले, त्याचे डोळे त्या उपचाराला योग्य होते आणि तो आज चष्म्याशिवाय काम करतो. हे रोज समोर बघणे कठीण आहे. आयसीएलबद्दल त्याने पुन्हा विचारले. अजून एक वर्ष नंबर हलला नाही तर त्यावर बोलू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठी संधी आमच्याकडे येण्याच्या फार आधी गेली. तीन वर्षांत चष्मा बदलत गेला, दर वेळी एकाच डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर वाढला, आणि दुकानात नवीन काच बसवून दिली गेली. कुणी जुना नंबर शेजारी ठेवून पाहिला असता तर टोपोग्राफी वर्षभर आधी झाली असती. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माझ्या प्रत्येक सहकाऱ्याला माझी विनंती आहे की एका डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर वर्षात पाऊण किंवा एक वाढला तर काच बनवण्याआधी तपासणीला पाठवा.

खाजेकडे शाळेतच लक्ष जायला हवे होते. खानापूर, बेळगाव, निपाणी या भागात उन्हाळ्यात डोळे लाल करून येणारी मुले दरवर्षी दिसतात, आणि घरचे म्हणतात, उन्हाने होतंय. यांतल्या बहुतेकांना केराटोकोनस होत नाही. पण ज्याला होणार, त्याचे चोळणे थांबवणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे.

मिरजेच्या स्कॅनचा निर्णयही आणखी लवकर घेता आला असता. नकाशा आणि जुने चष्मे हाती आल्यावर आणखी एका भेटीची वाट बघायची गरज नव्हती, आणि एक फेरी वाचली असती. याउलट, वडिलांना सुरुवातीपासून चर्चेत घेणे फार उपयोगी पडले. सागरला निराशेत जो आधार लागला तो घरातून मिळाला.

लेसरच्या जाहिरातींत कापणाऱ्या यंत्राचे नाव मोठ्या अक्षरांत असते. सागरचा डोळा ज्यांनी वाचवला ती मोजणारी यंत्रे होती, शाइम्फ्लूग कॅमेरा आणि त्याआधी साधा लेन्सोमीटर. लेसरला जाणाऱ्या प्रत्येकाने केंद्राला विचारावे की माझ्या कॉर्नियाच्या मागच्या बाजूचा स्कॅन केलात का, आणि त्याची प्रत घरी ठेवावी.

सागरच्या धाकट्या बहिणीची तपासणी झाली, कारण हा आजार एकाच घरात एकाहून अधिक जणांना होऊ शकतो. ती १६ वर्षांची आहे, तिचेही डोळे खाजतात. तिचा नकाशा सध्या सरळ आहे आणि थेंब सुरू केले आहेत. उजव्या डोळ्याबद्दल सागरकडे मराठीत लिहिलेले दुसरे पान आहे: दर सहा महिन्यांनी स्कॅन, आणि सर्वाधिक उंचवटा एका डायॉप्टरने वाढला तर त्याही डोळ्याचे क्रॉसलिंकिंग.